मुलांना घेऊन ल्योंमध्ये महिनाभर: तारखा ठरवण्यापासून किल्ली परत देईपर्यंत

मे महिन्यात फ्रान्सला जाऊन राहायचं ठरलं की बहुतेक घरांत सगळ्यात आधी विमानाची तिकिटं निघतात. कुठेतरी स्वस्त दर दिसतो आणि घाई होते. मग त्या तारखांना घर मिळत नाही, मिळालं तर रद्द केल्यावर पैसे बुडणारं मिळतं, आणि व्हिसाची अपॉइंटमेंट शोधायला बसावं तर एप्रिल उजाडलेला असतो. तिथे पोहोचल्यावर दुसरी चूक होते. महिना हाताशी असूनही आठ दिवसांच्या टूरसारखी पळापळ सुरू होते आणि दहाव्या दिवशी मुलं घराबाहेर पडायला नकार देतात.

खालचे टप्पे ज्या क्रमाने दिले आहेत त्याच क्रमाने करा. मी ल्यों शहर धरून लिहिलं आहे. ते पॅरिसपेक्षा आटोपशीर आहे, मेट्रो-ट्राम-बसचं जाळं चांगलं आहे, आणि रोन व सोन या दोन नद्यांच्या काठांमुळे मुलांना रोज मोकळं सोडायला जागा आहे. तुलूझ, नांत किंवा स्त्रासबूर निवडलंत तरी क्रम तोच राहील.

## टप्पा १: तारखा

आपल्याकडच्या शाळांची सुट्टी साधारण जूनच्या मध्यापर्यंत असते. फ्रान्समधल्या शाळा मात्र जुलैच्या सुरुवातीपर्यंत चालू असतात. म्हणजे तुम्ही मे-जूनमध्ये गेलात तर तिथली मुलं शाळेत असतील. याचा फायदा असा की घरं, गाड्या, संग्रहालयं यांना जुलै-ऑगस्टची गर्दी नसते. तोटा असा की दिवसभर बागा ओस असतात आणि तुमच्या मुलांना खेळायला कोणी नसतं. त्यावरचा उपाय टप्पा ९ मध्ये आहे.

1. मुलांच्या शाळेचा शेवटचा आणि पहिला दिवस शाळेकडून लेखी घ्या. व्हिसाच्या अर्जाला शाळेचं पत्र लागतंच.
2. परतीनंतर शाळा उघडायच्या आधी निदान चार दिवस मोकळे ठेवा.
3. मे महिन्यातल्या फ्रेंच सुट्ट्या कॅलेंडरवर लिहून ठेवा: १ मे, ८ मे, असेन्शनचा गुरुवार आणि पेंटेकॉस्टचा सोमवार. शेवटच्या दोन तारखा ईस्टरप्रमाणे दरवर्षी बदलतात. २०२६ मध्ये त्या १४ आणि २५ मे आहेत. असेन्शनच्या गुरुवारला जोडून बरेच लोक शुक्रवारचीही रजा टाकतात, त्यामुळे त्या चार दिवसांत गाड्या भरलेल्या आणि घरं महाग असतात.

सावध: १ मे रोजी पोहोचू नका. त्या दिवशी दुकानं बंद असतात आणि ल्योंची मेट्रो-बससेवाही जवळजवळ थांबलेली असते.

लंडन किंवा अमेरिकेतून जाणाऱ्या मराठी कुटुंबांची सुट्टी जुलै-ऑगस्टमध्ये पडते. त्यांनी शक्यतो जुलै धरावा. ऑगस्टमध्ये कोपऱ्यावरची बेकरी, डॉक्टर, छोटी दुकानं दोन-तीन आठवडे सरळ बंद असतात आणि उन्हाळाही कडक असतो.

## टप्पा २: पासपोर्ट आणि नावं

हा टप्पा लोक वगळतात आणि मार्चमध्ये अडकतात. निघायच्या सहा महिने आधी सगळ्यांचे पासपोर्ट टेबलावर मांडून बसा.

1. लहान मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षं चालतो. शेंगेन देशांतून (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या, फ्रान्ससह युरोपातल्या देशांच्या गटातून) परत निघायच्या तारखेनंतर तो निदान तीन महिने वैध हवा आणि त्यात दोन कोरी पानं हवीत.
2. मुलाचा जन्मदाखला आणि आईचा पासपोर्ट शेजारी ठेवा. आपल्याकडे दाखल्यावर आईचं माहेरचं नाव, किंवा आडनावाशिवाय नुसतं नाव, आणि पासपोर्टवर लग्नानंतरचं नाव असं फार ठिकाणी असतं. ही दोन नावं एकाच बाईची आहेत हे दाखवायला विवाह नोंदणी दाखला जोडावा लागतो. तो नसेल तर आत्ताच काढायला घ्या.
3. आई किंवा वडील यांपैकी एकच जण मुलांबरोबर जाणार असेल तर दुसऱ्याचं संमतिपत्र आणि त्याच्या ओळखपत्राची प्रत लागेल. आजी-आजोबा नेणार असतील तर दोघांचीही.

तपासा: पासपोर्ट, जन्मदाखला आणि शाळेचं पत्र या तिन्हींवर मुलाच्या नावाचं इंग्रजी स्पेलिंग एकच आहे ना? वडिलांचं नाव मधलं नाव म्हणून एका ठिकाणी आहे आणि दुसऱ्या ठिकाणी नाही, असंही होतं. शाळेचं पत्र बदलून घेणं सगळ्यात सोपं, म्हणून ते पासपोर्टप्रमाणे लिहून मागा.

## टप्पा ३: घर

घर हा या महिन्याचा कणा आहे. इथे वेळ घालवा.

खोल्यांचा हिशोब. फ्रेंच जाहिरातीत टी २ म्हणजे एक बेडरूम आणि एक बैठकीची खोली. दोन बेडरूम समजून लोक टी २ घेतात आणि मुलं महिनाभर सोफ्यावर झोपतात. चौघांना टी ३, म्हणजे दोन बेडरूमचं हवं. मजला मात्र आपल्यासारखाच मोजतात, तळमजल्याच्या वरचा तो पहिला. जुन्या इमारतींना बरेचदा लिफ्ट नसते. चौथा मजला, दोन मुलं, बाबागाडी आणि आठवड्याचा किराणा हे चित्र आधीच डोळ्यांसमोर आणा.

वस्ती. व्हिय ल्यों हा जुना भाग बघायला सुंदर आहे, पण रस्ते दगडी आहेत, पर्यटक आहेत आणि रात्री उशिरापर्यंत खाली गजबज असते. मुलांना घेऊन महिनाभर तिथे राहू नये. मेट्रो ए वरचं फॉश किंवा मासेना घेतलंत तर तेत दॉर ही मोठी बाग चालत जाण्याच्या अंतरावर येते. मेट्रो डी वरचं मोंप्लेझिर हे शांत, बाजार आणि चौक असलेलं, कुटुंबांचं ठिकाण आहे. मेट्रो बी वरचं जाँ मासे दरांच्या बाबतीत जरा बरं पडतं. क्र्वा-रूस टेकडीवर आहे आणि तिथलं रोजचं जगणं फार लोभस आहे, पण उतारावरच्या गल्ल्या म्हणजे पायऱ्याच पायऱ्या.

क्र्वा-रूसबद्दल आणखी एक सूचना. रेशीम विणणाऱ्यांचे उंच माग मावावेत म्हणून तिथल्या घरांची छतं चार मीटरच्या आसपास उंच बांधलेली आहेत. आता त्या उंचीत मालक लाकडी माळा करतात आणि त्यावर झोपायची सोय दाखवतात. वर जायला उभी शिडी, कठडा कमरेपेक्षा खाली. सहा-सात वर्षांखालचं मूल असेल तर माळ्यावर पलंग असलेलं घर घेऊ नका, फोटोत कितीही छान दिसू दे.

कुठून घ्यायचं. तीन मार्ग आहेत: सुट्टीपुरतं भाड्याने मिळणारं सजलेलं घर, स्वयंपाकघर असलेलं अपार्टमेंट-हॉटेल, किंवा ओळखीच्यांचं घर. पहिल्याच वेळी जात असाल तर मी अपार्टमेंट-हॉटेल सुचवेन. बुकिंग रद्द करता येतं, व्हिसासाठी स्वच्छ कागद मिळतो, आणि काही बिघडलं तर खाली माणूस असतो. भाड्याचं घर घेत असाल तर जाहिरातीत नोंदणी क्रमांक आहे का बघा. ल्योंमध्ये पर्यटकांना भाड्याने द्यायच्या घराला तो बंधनकारक आहे.

सावध: "साइटवरून नको, थेट बँकेत पैसे पाठवा, स्वस्तात देतो" असं कोणी म्हटलं की तिथेच थांबा.

मालकाला बुकिंगच्या आधी हे प्रश्न लिहून विचारा आणि उत्तरं जपून ठेवा:

1. शेगडी इंडक्शनची आहे का? इंडक्शनवर ॲल्युमिनियमचा कुकर तापतच नाही.
2. गरम पाण्याची टाकी किती लिटरची आहे? बऱ्याच घरांत ती रात्रीच्या स्वस्त विजेवर एकदाच तापते. शंभर लिटरमध्ये चौघांच्या अंघोळी सलग होत नाहीत.
3. खिडक्यांना बाहेरून बंद करायची झडपं आहेत का? ल्योंच्या घरांत एसी सहसा नसतो आणि जूनमध्ये पारा पस्तिशीपर्यंत जाऊ शकतो.
4. झोपायची खोली रस्त्याकडे आहे की आतल्या चौकाकडे?
5. धुण्याचं यंत्र घरातच आहे का, आणि कपडे वाळत घालायला स्टँड आहे का?

ओळखीच्यांकडे उतरणार असाल तर त्यांना त्यांच्या नगरपालिकेतून स्वागतपत्र काढावं लागतं. त्याला ३० युरोचं मुद्रांक लागतं आणि मूळ प्रत तुमच्यापर्यंत भारतात पोहोचायला हवी. ई-मेलवर पाठवलेलं "आमच्याकडे राहणार आहेत" असं साधं पत्र त्याच्या जागी चालत नाही.

## टप्पा ४: व्हिसा

नव्वद दिवसांपर्यंतच्या मुक्कामाला अल्पकालीन शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज फ्रान्स-व्हिसाज या सरकारी संकेतस्थळावर भरायचा आणि कागद व बोटांचे ठसे द्यायला व्हीएफएस या अर्ज स्वीकारणाऱ्या कंपनीच्या केंद्रात जायचं. मुंबईत आणि पुण्यात केंद्रं आहेत. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून पंधरा दिवस आधीपर्यंत अर्ज करता येतो. मे महिन्यात जायचं असेल तर फेब्रुवारीत अपॉइंटमेंट घ्या. निर्णय साधारण पंधरा दिवसांत होतो, पण तो पंचेचाळीस दिवसांपर्यंत लांबू शकतो आणि तोवर पासपोर्ट तुमच्या हातात नसतो.

शुल्क मोठ्यांना ९० युरो, सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना ४५ युरो, सहा वर्षांखालच्यांना काही नाही. केंद्राचा सेवाआकार वेगळा. बारा वर्षांखालच्या मुलांचे ठसे घेत नाहीत.

कागदांचा गठ्ठा प्रत्येक माणसाचा वेगळा लावा. मुलाच्या गठ्ठ्यात जन्मदाखला, शाळेचं पत्र, आईवडिलांच्या पासपोर्टच्या प्रती. मोठ्यांच्या गठ्ठ्यात नोकरीचं रजापत्र, पगारपत्रकं, तीन महिन्यांची बँक विवरणं, आयकर विवरणपत्रं. विमा किमान ३०,००० युरोचा, सर्व शेंगेन देशांना लागू, आणि मुक्कामाच्या सगळ्या दिवसांचा हवा. तो दोन-चार दिवस जास्तीचा घ्या म्हणजे विमान चुकलं तरी उघडे पडणार नाही.

महिनाभर एकाच शहरात कशासाठी, हा प्रश्न अर्ज बघणाऱ्याला पडणारच. म्हणून एक पानाचं साधं पत्र जोडा: कोण जाणार, कुठे राहणार, खर्च कोण करणार, मुलांची शाळा कधी उघडते आणि तुम्हाला कामावर कधी हजर व्हायचं आहे. शेवटचे दोन मुद्दे सगळ्यात महत्त्वाचे. दहा शहरांची खोटी सहल लिहून देऊ नका. घराचं बुकिंग एका शहराचं आणि कार्यक्रम दुसराच, ही विसंगती लगेच दिसते.

सावध: अर्जाच्या आठवडाभर आधी खात्यात अचानक मोठी रक्कम भरू नका. भरावीच लागली तर ती कुठून आली याचा कागद जोडा.

## टप्पा ५: तिकिटं पक्की करणं

अर्जासाठी तिकिटाचं आरक्षण लागतं, ते रद्द करता येण्याजोगं घ्या. पैसे अडकवायचे ते व्हिसा हातात आल्यावर.

भारतातून ल्योंला थेट विमान नाही. दुबई, इस्तंबूल किंवा फ्रँकफर्टला बदलून ल्योंच्या सेंत-एक्झ्युपेरी विमानतळावर उतरता येतं, किंवा पॅरिसला उतरून विमानतळाच्या खालच्याच स्थानकातून टीजीव्ही या अतिवेगवान गाडीने दोन तासांत ल्यों गाठता येतं. लहान मुलं असतील तर मी पहिला मार्ग निवडेन, कारण सामान एकदाच उचलावं लागतं. ल्योंच्या विमानतळावरून रोनएक्स्प्रेस ही ट्राम अर्ध्या तासात पार-द्यू स्थानकात आणून सोडते.

सावध: पॅरिसहून गाडीचं तिकीट काढताना ल्यों पार-द्यू निवडा. ल्यों सेंत-एक्झ्युपेरी नावाचंही एक टीजीव्ही स्थानक आहे, पण ते शहराबाहेर विमानतळापाशी आहे. आणि टीजीव्हीत माणशी दोन मोठ्या बॅगा व एक छोटी एवढंच सामान चालतं, प्रत्येक बॅगेवर नावाची चिठ्ठी हवी.

शेंगेन देशांच्या सीमेवर ऑक्टोबर २०२५ पासून फोटो आणि बोटांचे ठसे घेण्याची नवी पद्धत लागू झाली आहे (बारा वर्षांखालच्या मुलांचा फक्त फोटो). त्यामुळे रांग लांबते. फ्रँकफर्ट किंवा पॅरिसला विमान वा गाडी बदलायची असेल तर मध्ये तीन तास ठेवा.

## टप्पा ६: बॅग

न्यायच्या वस्तूंपेक्षा न न्यायच्या वस्तू आधी. युरोपीय संघात बाहेरून दुधाचे आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. म्हणजे तूप, पेढे, बर्फी, खवा, पनीर काहीही नाही. ताज्या फळांना आणि पाल्याला आरोग्य प्रमाणपत्र लागतं. अननस, केळी, नारळ, खजूर अशा मोजक्या फळांना सूट आहे, आंब्याला नाही. मे महिन्यात कोणाकडे तरी हापूसची पेटी न्यायचा मोह होतो. तो आवरा, आणि कढीपत्ताही वाळवूनच न्या.

1. गोडा मसाला, थालीपिठाची भाजणी, मेतकूट, पापड, पोहे, थोडी तूर आणि मूग डाळ.
2. इंडक्शनवर चालेल असा स्टीलचा छोटा कुकर. पोळपाट नको, ओट्यावर लाटता येतं. लाटणं घ्या.
3. प्लगचे ॲडॅप्टर. दोन बारीक पिनांचा चार्जर तिथे बसतो, आपला तीन जाड पिनांचा प्लग बसत नाही. वीज २३० व्होल्टच आहे, त्यामुळे मिक्सर नेलात तर चालेल.
4. प्लास्टिकचा तांब्या. संडासात जेट नसतो.
5. मुलांची नेहमीची औषधं, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. चिठ्ठीवर कंपनीचं नव्हे, औषधाचं मूळ नाव लिहून घ्या.
6. पातळ जाकीट आणि पावसाळी टोपी. मे महिन्यात सकाळी दहा-बारा अंश असतात, दुपारी वीस-बावीस.
7. पोहण्याची टोपी आणि मुलग्यांसाठी अंगाला घट्ट बसणारी चड्डी. सार्वजनिक तलावांवर सैल बर्म्युडा घातलेल्याला पाण्यात उतरू देत नाहीत.

तपासा: बँकेच्या ॲपमध्ये कार्डाचा परदेशातला वापर चालू केला आहे ना? ज्या नंबरवर ओटीपी येतो ते सिम रोमिंगवर चालतंय ना? दोन वेगवेगळ्या बँकांची कार्डं दोघांच्या पाकिटात वेगवेगळी ठेवा.

## टप्पा ७: घरातले पहिले दोन तास

दमून आलेले असलात तरी सामान उघडायच्या आधी हे करा.

खिडक्या. आपल्या मुलांना खिडकीला ग्रिल असण्याची सवय आहे. ती ग्रिलला टेकतात, वर चढतात, खाली हाक मारतात. फ्रान्समध्ये खिडक्यांना ग्रिल नसतं. जुन्या घरांत खिडकी दारासारखी पूर्ण आत उघडते, कधी गुडघ्याएवढ्या उंचीपासून, आणि बाहेर असतो एखादा लोखंडी कठडा किंवा तोही नाही. गरमीच्या दिवसांत लहान मुलं खिडकीतून पडण्याचे अपघात तिथे दरवर्षी होतात. प्रत्येक खोलीत जा. खिडकीखालचा पलंग, खुर्ची, चपलांचं खोकं, मुलाला चढता येईल असं काहीही दूर सरकवा. खोलीत मोठं माणूस असेल तेव्हाच खिडकी पूर्ण उघडायची, हा नियम पहिल्याच संध्याकाळी मुलांना खिडकीजवळ नेऊन सांगा.

दार. बाहेरच्या बाजूला फिरणारी मूठ नसलेली दारं सर्रास असतात. दार ओढलं की लागतं आणि किल्ली आत राहिली तर तुम्ही बाहेर. किल्ली बनवणाऱ्याला बोलावलं की शेकडो युरो जातात, आणि इमारतीच्या पायऱ्यांवर चिकटवलेल्या जाहिरातींतले लोक तर अडल्याचा फायदा घेतात. एक किल्ली तुमच्या खिशात, दुसरी जोडीदाराच्या. बाहेरच्या दाराचा आकडी कोड दोघांच्या फोनमध्ये आणि मोठ्या मुलाच्या वहीत.

न्हाणीघर. जमिनीला पाणी जायला भोक नसतं. टबच्या किंवा शॉवरच्या बाहेर ओतलेलं पाणी खालच्या घराच्या छतात उतरतं आणि भरपाई तुमच्या अनामत रकमेतून जाते. मुलांना तांब्याने अंगावर पाणी घ्यायची सवय असेल तर टबच्या आत बसूनच. पहिले दोन दिवस तुम्ही तिथे उभे राहा.

नोंद. मालकासमोर किंवा एकट्याने, प्रत्येक खोलीचा व्हिडिओ घ्या. डाग, तडा, बंद दिवा, सगळं. तो त्याच दिवशी मालकाला पाठवा.

शेजार. लाकडी जमिनीवर मुलं धावली की खाली ढोल वाजल्यासारखं ऐकू जातं. घरात मऊ सपाता, आणि रात्री दहा ते सकाळी सात आवाज नाही. खलबत्ता आणि कुकरच्या शिट्ट्या या वेळेबाहेर. पहिल्या दिवशी जिन्यात भेटेल त्याला "बोंझूर" (नमस्कार) म्हणून मुलांची ओळख करून द्या. पुढे कधी आवाज झाला तर तक्रारीऐवजी दारावर टकटक होते.

## टप्पा ८: स्वयंपाकघर आणि दुकानं

तिथली घड्याळं भारताच्या साडेतीन तास मागे असतात. पहिले काही दिवस मुलं पहाटे चारला उठून भूक लागली म्हणतील आणि संध्याकाळी सातला पेंगतील. हॉटेलांत रात्रीचं जेवण सात-साडेसातशिवाय मिळत नाही, दुपारचं बारा ते दोन. म्हणून पहिला आठवडा घरीच जेवा, आणि दूध, केळी, पाव, अंडी हे पहिल्याच दिवशी आणा. पोहोचण्याचा दिवस रविवार असेल तर दुपारनंतर बहुतेक दुकानं बंद मिळतील. सोबत पोहे-मेतकूट असणं तेव्हा कामी येतं.

सुपरमार्केटच्या फळीवर आपलं बरंच काही वेगळ्या नावाने मिळतं:

- लाँतिय कोराय म्हणजे मसूर डाळ. प्वा कासे म्हणजे सोललेल्या हिरव्या वाटाण्याची डाळ, तिची आमटी छान होते.
- सेमूल फिन म्हणजे रवा. कुसकुसच्या शेजारी असतो.
- पिठावर आकडा असतो. टी ५५ मैद्याच्या जवळचं, टी १५० कोंड्यासकट गव्हाचं. नुसत्या टी १५० ची पोळी चिरते. निम्मं टी ६५ घाला, कोमट पाण्याने सैल मळा आणि अर्धा तास झाकून ठेवा.
- दुधाचं लाल झाकण म्हणजे सायीचं, निळं अर्धं साय काढलेलं, हिरवं पूर्ण काढलेलं.
- दही हवं तर याउर्त नात्यूर. फ्रोमाज ब्लां हा सैल चक्क्यासारखा असतो. फडक्यात टांगून साखर-वेलची घातलीत तर मुलांना श्रीखंड मिळेल.
- तूप घरी कढवा. मीठ नसलेलं लोणी घ्या, म्हणजे पाकिटावर 'दू' लिहिलेलं.

भेंडी, हिरव्या मिरच्या, तूर डाळ यांसाठी गिलोतियेर भागातली आशियाई दुकानं गाठा. ताज्या भाजीला सकाळचा रस्त्यावरचा बाजार: क्र्वा-रूसच्या बुलेव्हारवर किंवा सोन नदीच्या काठी सेंत-आंत्वान घाटावर. दोन्ही सोमवारी नसतात.

सावध, शाकाहारी कुटुंबांनी: जेली आणि गमीच्या गोळ्यांत, काही पुडिंगांत जेलातीन, म्हणजे प्राण्यांपासून काढलेला घट्ट करणारा पदार्थ असतो. ल्योंच्या प्रसिद्ध सॅलडवर डुकराच्या मांसाचे तुकडे येतात. "मांस नको" एवढंच सांगितलं तर मासे येऊ शकतात, म्हणून "सां व्यांद, सां प्वासों" दोन्ही सांगा.

कुठल्याही दुकानात शिरताना आधी "बोंझूर", मग मागणी. थेट "हे आहे का?" असं विचारलं तर ते तिथे उद्धट वाटतं आणि उत्तरही तसंच तुटक येतं. बसमध्ये चढताना चालकालाही म्हणायचं. मुलं हे दोन दिवसांत शिकतात.

## टप्पा ९: आठवड्याची लय

पहिल्या आठवड्यात एकही लांबची सहल ठेवू नका. बेकरी, बाग, बाजार आणि मेट्रोचं स्टेशन या चार ठिकाणी मुलांना वाट दाखवायला सांगा. ती वाट दाखवू लागली की शहर त्यांचं झालं.

नंतर एक साचा धरा. सकाळी मोठ्यांचं काम, मुलांचं वाचन. दुपारी जेवून झडपं लावून विश्रांती. साडेचारनंतर बाहेर. साडेचार ही वेळ मुद्दाम सांगतोय: तेव्हा शाळा सुटतात, मुलं हातात खाऊ घेऊन बागेत येतात आणि तासभर खेळतात. बुधवारी दुपारी शाळा नसते, त्या दिवशी बागा भरलेल्या असतात. एकच बाग, एकच वेळ, रोज. चार-पाच दिवसांत तिथली मुलं ओळखू लागतात. फुटबॉल नेलात तर भाषेशिवाय भागतं. रोज नवीन बाग दाखवण्याच्या नादात ही ओळख कधीच होत नाही.

तेत दॉर बाग ११७ हेक्टरची आहे, आत प्राणिसंग्रहालय आहे आणि ते फुकट आहे. तिला एक दिवस देऊन संपवू नका. आज जिराफ, परवा तळं, पुढच्या आठवड्यात गुलाब. पावसाच्या दिवसासाठी पार-द्यूचं मोठं सार्वजनिक ग्रंथालय ठेवा. आत बसून पुस्तकं बघायला कार्ड लागत नाही आणि चित्रकथांची कपाटंच्या कपाटं आहेत. दोन नद्यांच्या संगमावरचं काँफ्ल्यूआंस संग्रहालय मुलांना फुकट आहे. सोमवारी बंद.

सहल आठवड्यातून एकच. रोमन अवशेषांचं व्हिएन गाव गाडीने अर्ध्या तासावर, तळ्याकाठचं आनसी दोन तासांवर.

रात्री साडेनऊपर्यंत उजेड असतो. झडपं बंद करून अंधार केला नाहीत तर मुलं झोपणार नाहीत. उन्हाची लाट आली तर उलट वेळापत्रक: पहाटे सगळ्या खिडक्या उघडायच्या, नऊला खिडक्या आणि झडपं बंद, ती थेट सूर्यास्तानंतर उघडायची.

## टप्पा १०: मूल आजारी पडलं तर

हे तीन आकडे फ्रिजवर चिकटवा: ११२ कुठल्याही आणीबाणीला, १५ वैद्यकीय मदतीला, ३२३७ रात्री आणि सुट्टीच्या दिवशी उघडं असलेलं औषधांचं दुकान शोधायला.

साध्या तापाला आधी हिरव्या क्रॉसचं औषधांचं दुकान. तिथला औषधतज्ज्ञ ऐकून घेतो आणि नीट सल्ला देतो. पॅरासिटामॉलचं सिरप मुलाच्या वजनाप्रमाणे देतात, मोजायच्या नळीवर किलोच्या खुणा असतात. मुलाचं वजन माहीत हवं. भारतातून नेलेल्या सिरपची नळी आणि तिथली नळी एकमेकांसाठी वापरू नका, औषधाचं प्रमाण वेगळं असतं.

डॉक्टरांची वेळ डॉक्तोलिब या ॲपवर मिळते आणि इंग्रजी बोलणारे डॉक्टर तिथेच निवडता येतात. साध्या डॉक्टरांची फी डिसेंबर २०२४ पासून ३० युरो आहे, लहान मुलांना थोडी जास्त. पैसे तिथेच द्यायचे आणि पावती घ्यायची. दवाखान्यात दाखल करायची वेळ आली तर मात्र आधी विमा कंपनीच्या मदत क्रमांकावर फोन करा, नाहीतर पैसे अडकतात.

तपासा: गवतात खेळून आल्यावर मुलांच्या गुडघ्यामागे, काखेत, कानामागे गोचीड आहे का बघा. ती ओढून काढायचा छोटा हूक औषधांच्या दुकानात मिळतो.

## टप्पा ११: निघताना

शेवटचे तीन दिवस सहलीविना ठेवा.

1. तीन दिवस आधी किराणा आणणं थांबवा. उरलेली बंद पाकिटं शेजाऱ्यांना विचारून द्या.
2. कचरा वेगळा करा: पुठ्ठा, डबे, प्लास्टिक पिवळ्या झाकणाच्या डब्यात, बाकीचं राखाडीत, काच रस्त्यावरच्या मोठ्या पिंपात. बाटल्या रात्री टाकू नका, आवाज होतो.
3. भिंतींना आणि पडद्यांना फोडणीचा वास बसतो. दोन दिवस खिडक्या उघड्या ठेवून घर हवेशीर करा, चुलीवरच्या पंख्याची जाळी गरम पाण्याने धुवा. हळदीचा डाग ओट्यावर असेल तर तो पहिल्या दिवशीच काढायला घ्या, शेवटच्या दिवशी निघत नाही.
4. एकाच दुकानात शंभर युरोंपेक्षा जास्त खरेदी केली असेल तर दुकानातून करपरतीचा (परदेशी पर्यटकाला खरेदीवरचा कर परत मिळण्याचा) कागद घेतलेला असायला हवा. विमानतळावर सामान देण्याआधी तो यंत्रावर दाखवा.
5. आलेल्या दिवशी घेतला तसाच प्रत्येक खोलीचा व्हिडिओ पुन्हा घ्या. किल्ली हातात द्यायची असेल तर मालकाकडून "काही तक्रार नाही" असा एक ओळीचा संदेश मागा. पत्रपेटीत टाकायची असेल तर टाकतानाचा फोटो काढून लगेच पाठवा. अनामत परत यायला काही दिवस लागतात, तोवर दोन्ही व्हिडिओ फोनमधून पुसू नका.